बर्फ आवडत नाही म्हणता? आधी किती वाजता कुठे पोचायचंय ते सांगा

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. मी एका पायात बूट घालून, दुसरा हातात धरून काच खरवडायचा स्क्रेपर शोधतेय. नवरा खिडकीशी, हातात चहाचा कप, पडदा बाजूला सारलेला. "अगं, बघ तरी इकडे, काय सुंदर दिसतंय!"

रात्रभरात १४ सेंटीमीटर बर्फ पडला होता. मी बघितलं. मला दिसली ती नुसत्या उंचवट्यावरून ओळखू येणारी गाडी, काचेला चिकटलेले वायपर आणि अजून कुणी हात न लावलेला रस्ता. साडेसहाला लॅबमध्ये पहिले नमुने मशीनला लावायचे होते. बाहेर सुंदर होतं यात वाद नाही. फक्त नवऱ्याला त्या दिवशी घरातल्या टेबलापर्यंतच जायचं होतं.

बर्फाच्या प्रदेशात मी सतरा हिवाळे काढलेत. त्यातली बरीच वर्षं माझी पक्की समजूत होती की मला बर्फ आवडत नाही. एखाद्याला उंचीवर गरगरतं तसं, स्वभावातच असणार. मग एका हिवाळ्यात मनगट मोडलं, सहा आठवडे घरी बसले, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की मी सकाळी उठून आधी खिडकीकडे जातेय. स्वभाव काही हाडाबरोबर मोडला नव्हता. साडेसहाला कुणी माझी वाट बघत नव्हतं, एवढाच फरक.

तेव्हापासून कुणी "मला बर्फ अजिबात सोसत नाही" म्हणालं की मी थंडीबद्दल काही विचारत नाही. दिवस कसा जातो ते विचारते. खाली लिहिलंय ते त्यातूनच जमलेलं आहे.

आधी चार ओळी लिहून काढा

कागदावर किंवा फोनवर, पण लिहाच. नुसता विचार केला की आपण "मला थंडी बाधते" इथेच थांबतो. बर्फ पडतो त्या दिवशी मला किती वाजता कुठे हजर राहावं लागतं, आणि उशीर झाला तर काय होतं? दाराबाहेरचा बर्फ कोण उपसतं? माझ्या भरवशावर कोण आहे? माझं शरीर सध्या कसं आहे? आणि परत घरी येण्याची खात्री किती? (ही पाचवी झाली, राहू द्या. जाताना कसंही जाता येतं. शेवटची बस रद्द होईल की काय या धास्तीनेच अख्खा दिवस खराब होतो.)

माझी उत्तरं सांगते. पहिला हिवाळा: शिकत होते, तास दुपारचे, वसतिगृहाच्या दारातला बर्फ तिथले कर्मचारी काढायचे. बर्फ आवडला. मध्यरात्री पायात चपला अडकवून बाहेर धावले होते. पाचवा हिवाळा: पहाटेची पाळी, गाडी नाही, थांब्यावर वीस-वीस मिनिटं. नावडता. नववा: लेक आठ महिन्यांची, पाळणाघराला बर्फाची सुट्टी, मला नाही. नावडता म्हणणंही कमीच, चीड होती. बारावा: हाताला प्लास्टर आणि पगारी रजा. आवडला.

त्यातला "पगारी" हा शब्द वाचताना सोडू नका. पाचव्या हिवाळ्यात मी तासावर काम करायचे. एकदा वादळामुळे दोन दिवस सगळं बंद राहिलं, म्हणजे मी तेव्हाही खिडकीशीच बसले होते, बाहेर तोच बर्फ, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर भाड्याची तारीख आणि बुडालेले सोळा तास मोजत होते. घरी बसायला मिळालं म्हणून बर्फ गोड वाटतो असं नाही. घरी बसल्याची किंमत कोण भरतं तेही बघावं लागतं.

ओळी लिहून झाल्या की त्यातली कुठली एक हलवता येते ते शोधा. सगळ्या हलत नाहीत, आणि दोन-तीन एकदम हलवायला गेलं की एकही हलत नाही. माझी पहिली ओळ हलली ती एका सहकारी बाईंमुळे. त्यांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं, लॅबपासून चालत सात मिनिटांवर राहायच्या, आणि रविवारची संध्याकाळ त्यांना मोकळी हवी असायची. आम्ही ठरवलं: दहा सेंटीमीटरच्या वर बर्फाचा अंदाज असेल त्या दिवशीची पहाट त्या घेणार, बदल्यात त्यांची रविवारची पाळी माझी. अख्ख्या हिवाळ्यात अशी अदलाबदल पाचच वेळा झाली. पण अंदाज ऐकताना पोटात पडणारा खड्डा बंद झाला, तो उरलेल्या चारही महिन्यांसाठी. हे आधी चार वर्षं विचारलं नव्हतं, कारण मला वाटायचं की बर्फाची तक्रार ही आपली वैयक्तिक नाजूकपणाची गोष्ट आहे.

मराठीतला "बर्फ" जरा फोडून घ्या

आपल्याकडे फ्रीजमधला तुकडाही बर्फ आणि आभाळातून पडणारा भुरभुरा कापूसही बर्फच. हिम आहे, पण तो शब्द भूगोलाच्या पुस्तकातून फारसा बाहेर येत नाही. त्यामुळे नवीन आलेला माणूस पांढरं दिसलं की घसरायला होणार म्हणून घाबरतो आणि काळा, ओलसर दिसणाऱ्या डांबरावर बिनधास्त पाय टाकतो. खरं तर उलटं आहे. ताज्या भुसभुशीत बर्फात बूट रुततो, पकड मिळते. माणूस पडतो तो त्या काळ्या डांबरावरच्या पारदर्शक पापुद्र्यावर. दिवसा उन्हाने बर्फ वितळतो, पाणी उतारावरून पसरतं, रात्री तेच गोठतं. म्हणून बर्फ पडला त्या सकाळपेक्षा, ऊन पडून गेल्यानंतरची सकाळ जास्त धोक्याची. पूल तर आजूबाजूच्या रस्त्याआधी गोठतात, कारण थंड हवा त्यांच्या खालूनही वाहते. माझं मनगट लख्ख उन्हाच्या दुसऱ्या दिवशी मोडलं. त्या दिवशी बर्फाचा एक कणसुद्धा पडला नव्हता.

हवामानाच्या अंदाजात किती सेंटीमीटर एवढंच बघू नका. तापमान आणि वारा बघा. उणे दहाच्या खाली पडणारा बर्फ कोरडा, पिठासारखा. पायरीवरचा खराट्याने झाडता येतो. शून्याच्या आसपासचा ओला, लादीसारखा जड, आणि अंगावर पडला की कपडे भिजवणारा. वाऱ्याचं गणित तर डोळ्यांत भरण्यासारखं आहे: उणे १० अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या कातडीला जवळपास उणे २० सारखं लागतं. "काल तर याच थंडीत मजा आली होती, आज काय झालं?" याचं उत्तर बहुतेक वेळा वारा हेच असतं.

तुम्हाला बर्फ आवडतो की नाही याची परीक्षा घ्यायचीच असेल तर चांगला दिवस निवडा: उणे दोन ते उणे आठ, वारा पडलेला, बर्फ अजून पडत असलेला, आणि परतायची घाई नसलेली अर्धी संध्याकाळ. वाईट दिवशी परीक्षा घेऊन नापास व्हायचं आणि मग आयुष्यभर तेच सांगत फिरायचं, हे मी केलंय.

ज्यांना जावंच लागतं

माझी जमात हीच, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

आदल्या रात्रीची पंधरा मिनिटं सकाळची चाळीस वाचवतात. बूट, हातमोजे, कानटोपी दाराशी एका जागी. वायपर काचेपासून उचलून उभे. आणि स्क्रेपर घरात. मी बरीच वर्षं तो गाडीत ठेवायचे, कारण गाडीची वस्तू गाडीत. एका सकाळी चारही दारं रबरी कडांना गोठून चिकटली आणि स्क्रेपर आत, मागच्या सीटवर, मला काचेतून दिसतोय. मी बँकेच्या कार्डाने काच खरवडली. कार्ड मोडलं. (गरम पाणी ओतायचा मोह होतो, ओतू नका, काच तडकू शकते.)

गाडी सुरू करून आत ऊब घेत बसण्याआधी मागे जाऊन धुराची नळी मोकळी आहे का ते बघा. ती बर्फात बुजलेली असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. लहान मुलांना गाडीत बसवून आपण बाहेर बर्फ झाडत राहिलो तर काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. घरच्या हीटरची हवा बाहेर सोडणारी नळी जमिनीलगत असेल तर तिचंही तेच.

कपड्यांत एकच हट्ट धरा: अंगालगत सुती काही नको. सुती कापड घाम आणि ओल धरून ठेवतं आणि मग तेच अंग गार करतं. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते. हाताला पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मोजे गरम पडतात, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. बाकी कपड्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

हे सगळं झालं त्रास कमी करणं. आवडणं वेगळं, आणि त्यासाठी मला एक विचित्र गोष्ट उपयोगी पडली. मी आणखी दहा मिनिटं लवकर निघायला लागले. नवऱ्याला वाटलं डोकं फिरलं. लॅबच्या मागे झाडांच्या दोन रांगा आहेत, मध्ये कुणी न तुडवलेली वाट. गाडी लावायची, आणि दारातून आत शिरण्याऐवजी त्या वाटेने एक फेरी. दिव्याच्या पिवळ्या उजेडात बर्फ पडताना वरून खाली येतोय की आपण वर चाललोय हे काही क्षण कळत नाही. सहा-सात मिनिटं पुरतात. तोवर मी जे बर्फ बघत होते ते सगळं काचेतून, घड्याळाकडे एक डोळा ठेवून. घाईतल्या माणसाला बर्फ दिसत नाही, अडथळा दिसतो. ती सहा मिनिटं कुठून काढायची हे प्रत्येकाने आपापल्या दिवसात शोधायचं. कुणाला बसचा एक थांबा आधी उतरून मिळतात, कुणाला रात्री कचरा टाकायला जाताना.

ज्यांच्या हातात फावडं आहे

प्लास्टरच्या काळात दारातला बर्फ काढायचं काम नवऱ्याकडे गेलं. दोन आठवड्यांत खिडकीशी उभं राहून "काय सुंदर" म्हणणं बंद. तिसऱ्या आठवड्यात मी म्हणाले, "अरे, बघ ना, किती छान पडतोय." त्याने वर बघितलं आणि विचारलं, "ओला आहे का कोरडा?" तेव्हा मला खरोखर हसू आवरलं नाही.

त्याचं चुकलं नव्हतं. आमच्या गाडीची जागा तीन मीटर रुंद, आठ मीटर लांब. त्यावर १५ सेंटीमीटर कोरडा बर्फ पडला तर साधारण साडेतीनशे किलो; ओला असेल तर टनभर. फावड्यात दर वेळी सहा किलो धरले तर टनासाठी साधारण १७० वेळा उचल. आणि हे थंडीत, जेव्हा रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात आणि रक्तदाब चढलेला असतो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली नोंद तपासून २०१७ साली एक अभ्यास छापून आला. त्यात जोरदार बर्फानंतरच्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. एरवी खुर्चीतून न उठणारा माणूस पहाटे उपाशीपोटी एका दमात टन उचलायला जातो, मग दुसरं काय होणार.

म्हणून: पूर्ण थांबायची वाट न बघता पाच-सहा सेंटीमीटर साचला की एक फेरी. उचलण्यापेक्षा ढकला. उचललाच तर अर्धं फावडं, कंबरेत न वाकता गुडघ्यात, आणि खांद्यावरून मागे न फेकता पाऊल वळवून समोर टाका. श्वास रोखू नका. दहा मिनिटांनी थांबा. छातीत दडपण, जबडा किंवा हात दुखणं, दरदरून घाम असं काही झालं तर काम अर्धवट सोडून मदत बोलवा. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी हे काम करूच नये. पैसे देऊन करून घ्या, शेजारच्या पोराला सांगा, नाहीतर गाडी एक दिवस तशीच राहू द्या.

मिठाचं एक लक्षात ठेवा. साधं मीठ उणे नऊच्या आसपासपर्यंत कामाचं. त्याखाली ते नुसतं पांढऱ्यावर पांढरं पडून राहतं. तेव्हा पकडीसाठी वाळू टाका. आणि रस्ता साफ करणारी मोठी गाडी तुमच्या गाडीच्या जागेच्या तोंडाशी घट्ट ढिगाऱ्याची भिंत लावून जाणार हे गृहीत धरा. ती ज्या बाजूने येते तिकडे रस्त्याच्या कडेला थोडी जागा आधीच रिकामी करून ठेवली तर बराचसा ढीग तिथे पडतो. या एका युक्तीने आमच्या घरातली शांतता वाचलीय.

सासूबाई, भिंग आणि काळी शाल

सासूबाई आल्या तेव्हा ७८ वर्षांच्या. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघणार म्हणून दोन महिने आधीपासून सगळ्यांना सांगत होत्या. आल्या, पहिल्या दिवशी दारासमोरच्या ओट्यावर उभ्या राहून हात पुढे केला, फोटो काढला. आणि मग पुढचे तीन आठवडे दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. मी पडले होते ते त्यांना ठाऊक होतं. "माझं खुब्याचं हाड गेलं तर तुमच्या दोघांच्या नोकऱ्यांचं काय?" असं एकदा म्हणाल्या. भीती पडण्याची नव्हती, ओझं होण्याची होती. बर्फाकडे बघताना त्यांना फक्त आपण अडकलोय हे दिसत होतं.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, चालणं. बुटांना खालून लावायचे काटे आणले, ते खुर्चीत बसून लावायचे आणि आत आल्यावर लगेच काढायचे, कारण फरशीवर ते बर्फापेक्षा वाईट घसरतात. पावलं लहान, तळवा सपाट, गुडघे किंचित सैल, वजन पुढच्या पायावर, थोडक्यात पेंग्विनसारखं. हात खिशात नाहीत. मी पडले तेव्हा दोन्ही हात खिशात होते, शेवटच्या क्षणी एक बाहेर काढून टेकवला आणि मनगटावर अख्खं अंग आलं. डॉक्टर म्हणाले हे इतकं ठरलेलं मोडणं आहे की अब्राहम कॉलिस नावाच्या आयरिश शल्यविशारदाने १८१४ साली त्याचं वर्णन करून ठेवलंय आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखतात. दोनशे वर्षं लोक तसेच पडतायत हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे बर्फच आत आणला, निदान दारापर्यंत. हे करून बघाच. गडद रंगाचं लोकरी कापड घ्या. आम्ही सासूबाईंचीच काळी शाल घेतली. ती ताटावर पसरून अर्धा तास बाहेर झाकून ठेवा, म्हणजे कापड बाहेरइतकंच गार होईल. गरम कापडावर बर्फाची पाकळी टेकताक्षणी विरघळते, आणि लोकांना वाटतं की चांदण्या फक्त चित्रातच असतात. मग ताट पडत्या बर्फात दोन-चार सेकंद धरायचं, ओट्यावरच्या खुर्चीत बसायचं आणि भिंगातून बघायचं. तोंडावर रुमाल, नाहीतर आपल्याच श्वासाने सगळं जातं.

पहिल्या दिवशी नुसत्या सुया दिसल्या. सासूबाईंचा विरस झाला. पण त्यातही गंमत आहे: ढगातलं तापमान उणे पाचच्या आसपास असेल तर अशा सुया बनतात, आणि उणे पंधराच्या आसपास असेल तर सहा फांद्यांच्या चांदण्या. हे जपानमधल्या होक्काइदोच्या उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत बर्फाच्या पाकळ्या वाढवून दाखवलं. १९३६ साली त्यांनी बनवलेली पहिली पाकळी सशाच्या केसाच्या टोकावर वाढवलेली होती. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला विल्सन बेंटली हा शेतकरी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून पाकळीचा फोटो काढण्यात यशस्वी झाला, आणि मग आयुष्यभर काढतच राहिला, पाच हजारांवर. शेतकऱ्याला हिवाळ्यात शेतात काम नसतं. त्याचीही परिस्थिती बघा.

आठवड्याने, चांगली कडाक्याची थंडी पडल्यावर, चांदण्या आल्या. सासूबाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सहाच आहेत गं. प्रत्येकीला सहाच." त्या दिवशी त्यांनी अकरा ताटं धरायला लावली आणि माझे हात बधिर झाले. नंतर रोज सकाळी त्या मला तापमान विचारायच्या.

शेजारचे काका, किंवा दुसऱ्याच्या वाटेवरचा ढीग

ताजा बर्फ आवाज शोषून घेतो, कारण त्यात हवेच्या पोकळ्या असतात. त्या शांततेवर मी फिदा आहे. एकदा शेजारच्या काकांना ते उत्साहाने सांगितलं. ते पूर्ण दृष्टिहीन आहेत, पांढऱ्या काठीने एकटे फिरतात. ते म्हणाले, "तुम्हाला शांत वाटतं. मला दिवा मालवल्यासारखं होतं." काठीचा ठक आवाज भिंतीवरून परत येतो त्यावरून त्यांना इमारत कळते, बोळ कळतो, बर्फात तो परत येत नाही. फुटपाथची कड बुजलेली. गाड्या दबक्या आवाजात येतात, कुठून आणि किती लांब ते नीट कळत नाही. आणि चौकाच्या कोपऱ्यावर, जिथून ते रस्ता ओलांडतात, नेमका तिथेच सगळ्यांनी आपापला बर्फ लोटलेला. त्यात माझाही होता.

तेव्हापासून आम्ही आमच्या समोरचा फुटपाथ एका फावड्याच्या रुंदीने न काढता पूर्ण काढतो, व्हीलचेअर किंवा बाबागाडी जाईल इतका, आणि ओलांडायच्या कोपऱ्यावर ढीग घालत नाही. याने काकांना बर्फ आवडायला लागला असं नाही. ते बाहेर पडायला लागले. स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा या लहान शहराने २०११ च्या सुमारास बर्फ काढायचा क्रम तपासला, तेव्हा मोठे रस्ते आधी आणि पायवाटा शेवटी, असं वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं. म्हणजे गाडीवाल्यांना आधी, आणि बाबागाडी ढकलणाऱ्या, बस पकडणाऱ्या, चालणाऱ्यांना नंतर. त्यात बायका जास्त. त्यांनी क्रम उलटा केला. गाडी पातळ बर्फातून जाऊ शकते, बाबागाडी अडकते, एवढं साधं.

म्हणून घरातलं किंवा कामावरचं कुणी बर्फाला शिव्या देत असेल तर त्याला सौंदर्य दाखवायला जाऊ नका. त्याच्या वाटेत काय आहे ते विचारा. दम्याच्या माणसाला थंड कोरड्या हवेने श्वास अडतो. तोंड-नाक झाकणारा मफलर आणि इनहेलर खिशात हवं. कुणाची बोटं थंडीत पांढरीफटक पडून दुखतात, त्याला बर्फाचे गोळे करायचा आग्रह कशाला. कुणाला हिवाळ्याचा अंधारच खातो. त्यांनी डॉक्टरांशी बोलावं, सकाळी १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) दिव्यासमोर अर्धा तास बसण्याचा उपाय पुष्कळांना लागू पडतो. उन्हात मात्र गॉगल सगळ्यांनीच लावा. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो आणि डोळे खरोखर भाजतात.

मुलांसोबत

मुलांना बर्फ आवडतो कारण त्यांना कुठे पोचायचं नसतं, हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलंच असेल. अडचण आई-बापांची. मूल धावतंय म्हणून गरम, आपण कडेला उभे म्हणून गार, आणि वीस मिनिटांत "चला आता घरी" आणि मग रडारड. उपाय म्हणजे उभं राहायचं नाही. ढीग रचा, ढकला, लोळा, काहीही करा. लेक पाच वर्षांची होईपर्यंत मला हे कळलं नव्हतं.

हातमोज्यांचा दुसरा जोड खिशात ठेवा. पहिला पंधरा मिनिटांत ओला होणारच. बाहेर जाण्याआधी बाथरूमला पाठवा, सगळे थर चढवून झाल्यावर नाही. आणि गाडीत लहान मुलाच्या सीटचा पट्टा फुगीर जाकिटावरून आवळू नका. धक्क्याने जाकीट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जाकीट काढा, पट्टा लावा, वरून पांघरूण घाला.

ज्या दिवशी शाळेला सुट्टी आणि तुम्हाला नाही, त्या दिवसासाठी आधीच दोन घरांशी बोलून ठेवा. आमच्यात तीन घरांची फिरती आहे: ज्याच्याकडे रजा किंवा घरून काम असेल त्याच्याकडे सगळी पोरं. बर्फाच्या सकाळी सहाला एकच निरोप येतो, "आज माझ्याकडे." त्या दोन शब्दांनी माझी नवव्या हिवाळ्यातली चीड बरीच खाली आणली.

परवाचं सांगते. यंदापासून नवऱ्याला आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात बोलावलंय, आणि माझी पाळी दुपारची झालीय. पहाटे उठले तर बाहेर जाड थर, अजून पडतच होता, वारा नाही. मी चहा केला, पडदा सारला. मागे तो एका पायात बूट घालून उभा, कपाटं उघडतोय. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं.

"स्क्रेपर दाराशी आहे," मी म्हणाले. "आणि आधी मागची नळी मोकळी कर."